अठ्ठावन्नचे एकोणतीस

पडद्यावरचा आकडा अठ्ठावन्नवरून धाडकन एकोणतीसवर आला, आणि निकिताच्या हातातला चहा हिंदकळून तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर सांडला.

"अगं बाई!" ती जवळजवळ किंचाळलीच.

परतीचा पाऊस भुरभुरत होता. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला लागून, हायवेच्या कडेला, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात ते गाड्या चार्ज करायचं मशीन उभं होतं. मशीन एक आणि त्याला जाडजूड नळ्या दोन. लोक त्यांना 'गन' म्हणतात. निकिताने आल्या आल्या एक गन आपल्या गाडीला लावली होती. अठ्ठावन्न किलोवॅटचा वेग मिळत होता. म्हणजे अर्ध्या तासात काम होऊन ती वेळेवर नेवाशाला पोचणार, असा तिचा अगदी बिनचूक हिशोब होता. आणि आता हे! वेग निम्मा म्हणजे वेळ दुप्पट, एवढं गणित तर कुणालाही येतं.

तिने तरातरा मशीनला वळसा घातला. पलीकडे एक निळी गाडी येऊन लागली होती आणि दुसरी गन तिला जोडून एक तरुण हात झटकत होता. अंगात पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं, पायातल्या चपला चिखलाने माखलेल्या... आणि काखेत बैल हाकायची काठी. इलेक्ट्रिक गाडी आणि बैलाची काठी! निकिता क्षणभर भांडायचंच विसरली.

"काय केलंत तुम्ही?" मग तिला आठवलं.

"म्या? गाडी लावली."

"माझा वेग अर्धा झाला!"

"व्हनारच की. मशीन एक, खानारी तोंडं दोन. अर्धी वीज तुमची, अर्धी आमची." तो हसला. हसताना त्याचे सगळे दात दिसत. "मशीन हाय ते मॅडम, सासू न्हाई. दुजाभाव करीत न्हाई."

"हसताय काय? मला नेवाशाला पोचायचंय. तिथे माणसं खोळंबलीत माझ्यासाठी. कान तपासते मी."

तो एकदम दोन पावलं मागे सरला आणि बाजार दणाणेल अशा आवाजात म्हणाला, "मंग मोठ्यानं बोलू का?"

"मला येतं ऐकू!"

"मला वाटलं, कानाच्या डाक्टरलाच..." त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं, कारण निकिताचे डोळे आता बाजारातल्या एखाद्या मारक्या म्हशीसारखे दिसत होते. म्हशींचा त्याला चांगला अनुभव होता. तो गुमान रंगुबाईच्या टपरीकडे गेला, एक चहा सांगितला आणि तो आणून निकिताच्या हातात दिला. सांडलेल्याच्या बदल्यात.

त्या दिवशी निकिता चांगलीच उशिरा पोचली. पण गंमत अशी, की वाटेत तिला राग आठवून आठवून आणावा लागला.

निकिता मूळची पारनेरची. नगरच्या एका दवाखान्यात ती कानांची तपासणी करायची आणि दर शुक्रवारी तिची नेवाशाला फेरी असायची. नगरचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, पण तिच्या तोंडी अजून नगरच होतं. सावेडीत तिसऱ्या मजल्यावर ती भाड्याने राहत होती आणि खालून वायर ओढू द्यायला सोसायटी काही तयार नव्हती. त्यामुळे गाडी भरायची तर बाहेरच. घोडेगावचं मशीन अगदी तिच्या वाटेवरचं. पण शुक्रवार हाच घोडेगावच्या बाजाराचा वार आहे आणि शुक्रवारी तिथे माणसापेक्षा शिंगं जास्त असतात, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी तिने गन लावली. अठ्ठावन्न. तिने सुटकेचा श्वास टाकला, आणि तो पुरता बाहेर पडायच्या आत आकडा एकोणतीसवर आला.

"राम राम मॅडम!" मशीनच्या पलीकडून आवाज.

त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच.

नाव वैजनाथ. बाप हेडी, आजा हेडी आणि हाही हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल. हे ऐकून निकिताला दुसरा धक्का बसला होता, कारण तिच्या डोळ्यांसमोर हेडी म्हटला की तंबाखूची चंची आणि पांढऱ्या मिशाच यायच्या.

"हेडी आणि इलेक्ट्रिक गाडी?" तिने न राहवून विचारलं.

"डिझेलच्या गाडीला जनावर बुजतं. हिचा आवाजच न्हाई. पार गाईच्या शेपटीपत्तुर न्या, तिला पत्ताच लागत न्हाई."

निकिता त्याच्याकडे बघतच राहिली. गाडी घेण्यामागे इतकं शहाणं कारण तिने आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. तिने स्वतः रंग आवडला म्हणून घेतली होती.

मग बोलणं होऊ लागलं. गाडी भरेपर्यंत माणूस करणार तरी काय? रंगुबाईच्या टपरीपुढे लाकडी बाक होता. त्याच्या एका टोकाला वैजनाथचे वडील, भिमाजी अण्णा, मांडी घालून बसलेले असायचे. गुलाबी फेटा, अर्धवट मिटलेले डोळे.

"आमचं अण्णा," वैजनाथने ओळख करून दिली. "त्यास्नी ऐकू न्हाई येत. दोन-तीन वरसं झाली. शेजारी तोफ वाजवा, म्हनतील काय पडलं रं."

निकितातली कानतपासनीस लगेच जागी झाली. ती अण्णांसमोर वाकली आणि म्हणाली, "अण्णा, एकदा तपासू या का कान?"

"चा? न्हाई, न्हाई, आत्ताच झाला!" अण्णा गरजले.

"कान! कान!"

"मला समदं ऐकू येतंय! लोकंच हळू बोलत्यात!" हे अण्णांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की पलीकडच्या दावणीची कालवड दचकून उठली. निकिताने हात टेकले. असे पेशंट तिने पुष्कळ पाहिले होते. ऐकू न येणारा माणूस दुसऱ्यांचाच आवाज बसला असं समजतो.

तेव्हापासून अण्णा बाकाच्या एका टोकाला आणि ही दोघं दुसऱ्या टोकाला, असं ठरूनच गेलं. अण्णांपुढे काहीही बोललं तरी चालायचं. वैजनाथ तर बापाच्या देखत खुशाल बोलायचा, "मॅडम, आज तुमचं कानातलं लई भारी दिसतंय," आणि निकिता घाबरून अण्णांकडे बघायची. अण्णा आपले समोरच्या गाईची कास न्याहाळत बसलेले.

एकदा ती म्हणाली, "तुमच्या बाजारात इतके सौदे होतात, पण किंमत कुणाच्याच तोंडून ऐकू येत नाही. असं कसं?"

"तोंडानं बोलायचीच न्हाई. हात द्या."

"काय?"

"हात. सौद्याला हात लागतो."

तिने का दिला कोण जाणे. वैजनाथने खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं. उपरण्याखाली त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि निकिताच्या अंगातून जे काही सर्रकन गेलं, ते मशीनमधलं होतं की कुठलं, तिला कळेना. बाहेर गाई हंबरत होत्या, कांद्याचे ट्रक धुरळा उडवत जात होते आणि उपरण्याच्या आत... आत सगळं गप्प होतं.

"एक बोट धरलं की एक," तो हळूच म्हणाला. "चार धरली की चार. अख्खा पंजा म्हंजे पाच. हजार का लाख, ते दोघांनी समजून घ्यायचं. भवतीनं शंभर लोक उभी ऱ्हावू द्या, कोनाला कळनार न्हाई. फकस्त अण्णांसारखा मुरलेला हेडी वळखतो. ते म्हनत्यात, रुमालाखालचं खांद्यावर दिसतं."

"आणि अंगठा?"

त्याने उपरणं जरा सारखं केलं.

"अंगठा शेवटाला. अंगठा दाबला की सौदा पक्का. मंग माघार न्हाई. आभाळ कोसळलं तरी न्हाई."

निकिताने हात काढून घेतला. जरा घाईनेच.

पण पुढच्या शुक्रवारी उपरणं पुन्हा पडलं. "किती टक्के भरली?" तो विचारायचा आणि ती न बोलता चार बोटं धरायची, म्हणजे चाळीस. मग पंजा. मग पंजा आणि एक बोट. टक्के जसे चढत तशी तिच्या गालांवर लाली चढत असे. अंगठ्याच्या वाटेला मात्र ती कधी गेली नाही. तिथवर बोटं पोचली की ती हात आखडता घ्यायची, आणि तो काही न झाल्यासारखं बाजाराकडे बघायचा.

दिवाळी झाली. थंडी पडू लागली. आणि एका शुक्रवारी तिसरा धक्का बसला, तो रंगुबाईच्या हातून.

वैजनाथ एका गिऱ्हाइकाला बैलाचे दात दाखवायला गेला होता. रंगुबाई चहा गाळता गाळता सहज बोलून गेली, "कायबी म्हना, पोरगं गुनाचं हाय. पर ह्ये शुक्रवारचं याड काय माज्या ध्यानात येईना. घरला येवढं मशीन बसवलंय, रोज रातच्याला गाडी लावून झोपतंय. मंग हितं पैशे घालून कशापायी भरतंय, त्येलाच ठावं!"

निकिताच्या हातातला कप तिथेच थांबला.

"घरी... मशीन आहे?"

"हाय की! ती काय, पान्याच्या टाकीमागं त्यांचं घर."

निकिता उठली. मशीनच्या त्याच्या बाजूच्या पडद्यासमोर वैजनाथ नेहमी पाठ टेकून, हाताची घडी घालून उभा राहायचा. तिला वाटायचं, ऐटीत उभा राहतोय. आज तिथे कुणी नव्हतं. तिने वाकून पडद्यावर वाचलं.

शहाण्णव टक्के.

तिचा आ वासलेला तसाच राहिला. गन लावून पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती! म्हणजे गाडी घरूनच भरून आली होती. तिच्या पोटात जागाच नव्हती, दोन घोट वीज पिऊन ती सुस्त पडली होती. पण हे मशीन पडलं भोळं. दुसऱ्या गनला गाडी लागली की ते डोळे मिटून अर्धी वीज तिकडे राखून ठेवायचं. तिकडची गाडी घेवो न घेवो, निकिताच्या वाट्याला मात्र अर्धीच यायची. आणि ती अर्ध्या तासाऐवजी तासभर त्या बाकावर बसायची.

लबाड! चोर! इतके शुक्रवार हा माणूस तिचा अर्धा वेग चोरत होता!

खरं म्हणजे तिने काठी घेऊन त्याच्या मागे लागायला हवं होतं. ती मशीनला टेकून उभी राहिली. आपण रागावलो आहोत का, हे तिने मनात दोनदा तपासून पाहिलं. कान तपासायची सवय होती, मन तपासायची नव्हती. जे सापडलं त्याने ती हबकलीच. तिला आनंद झाला होता. इतका, की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिला ओढणी तोंडावर धरावी लागली. कुणीतरी आपल्यासोबत अर्धा तास जास्त मिळावा म्हणून एवढी उठाठेव करतो, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

वैजनाथ परत आला आणि घाईघाईने पडद्यासमोर पाठ लावून उभा राहिला. "आज लई वेळ लागतोय न्हाई?"

"हो ना," निकिता म्हणाली. "काय करणार... मशीन एक, तोंडं दोन."

ती एका शब्दाने बोलली नाही. उलट त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी, दवाखाना सुटला की ती गाडीत एसी पूर्ण लावायची आणि उगाचच चांदबीबी महालाचा घाट चढून यायची. एकटी, थंडीत कुडकुडत. शुक्रवारी सकाळी गाडी जितकी रिकामी, तितका घोडेगावचा मुक्काम मोठा. प्रेमात पडलेल्या माणसाची अक्कल कुठे गहाण पडते, ते पडणाऱ्याला सोडून सगळ्यांना कळतं.

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी तिच्या मोबाईलवर निरोप आला. 'आनंदाची बातमी! घोडेगाव केंद्रावर पुढील आठवड्यापासून नवे मशीन. दोन्ही गनला पूर्ण वेग. आता वाट पाहणे संपले!'

निकिता पलंगाच्या कडेवर मटकन बसली.

वाट पाहणे संपले. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याला बिचाऱ्याला काय माहीत! दोन्ही गनला पूर्ण वेग, म्हणजे शेजारी दहा गाड्या लागल्या तरी तिचे अठ्ठावन्न ते अठ्ठावन्नच. अर्ध्या तासात गाडी भरणार, मागचा माणूस हॉर्न वाजवणार, 'मॅडम, काढा गाडी,' म्हणणार. उपरणं कधी पडायचं? आणि वैजनाथने भरलेली गाडी आणून लावायची तरी कशाला? चोरायला काही उरणारच नव्हतं. गाडी लवकर भरणार म्हणून जगात आजवर कुणाला रडू आलं असेल का? निकिताला आलं.

रडता रडता तिला लख्ख कळलं, की तिचं त्याच्यावर प्रेम आहे. आणि उरलेला शुक्रवार एकच आहे.

त्या गुरुवारी ती घाट दोनदा चढली.

शुक्रवारी ती पोचली तेव्हा धुकं अजून निवळलं नव्हतं. तिने गन लावली. अठ्ठावन्न. ती पलीकडे बघत राहिली. आता निळी गाडी येईल, आता आकडा पडेल.

आकडा पडेना. दुसरी गन आपली खुंटीला लटकलेली.

वीस टक्के. तीस. बाजार भरला, घंटा वाजू लागल्या. चाळीस. "हळू चाल की मेल्या!" ती मशीनवर खेकसली. पन्नास. ज्या वेगासाठी ती पहिल्या दिवशी भांडली होती, तो पुरा वेग आज तिच्या पदरात पडत होता, आणि तो तिला नको होता. कळलं असेल का त्याला नव्या मशीनचं? कळलं असेल आणि म्हणून... म्हणून आलाच नसेल? आता काय उपयोग, असं म्हणून?

"यील गं," रंगुबाई म्हणाली. निकिताने काही विचारलं नव्हतं तरी. बाकावर अण्णा डोळे मिटून बसले होते.

ऐंशी टक्के झाले, आणि आकडा आपोआप पडला. अठ्ठावन्नचे तीस झाले, मग वीस. ऐंशीच्या पुढे गाडी स्वतःच वीज जपून घेते, हे निकिताला माहीत होतं. एरवी ऐंशी झाले की गन काढून निघायचं, अशी रीत. आज मागे कुणी उभं नव्हतं. आज तिला त्या मंद झालेल्या आकड्याच्या पाया पडावंसं वाटलं. थांब बाई, आणखी थोडी थांब.

आणि तो आला. गाईंच्या रांगेतून, धापा टाकत, पायी.

"गाडी कुठे आहे?" निकिताने विचारलं.

"घरी."

"का?"

वैजनाथने काठी या हातातून त्या हातात घेतली. "मॅडम, म्या लबाडी केली. माज्या घरी मशीन हाय. गाडी घरनंच भरून आनायचो. हितं उगं गन लावायची, म्हंजे तुमची वीज अर्धी व्हायची, आन् तुमी... तुमी बसायच्या. फुडच्या आठवड्यात नवं मशीन येतंय, आज शेवटचा दिस. म्हनलं, एक डाव तरी तुमाला पुरा वेग मिळू दे. म्हनून गाडी न्हाई आनली. पान्याच्या टाकीपाशी उभा हुतो मघाधरनं. मंग... ऱ्हाववलं न्हाई."

"मला माहीत आहे."

"काय?"

"घरच्या मशीनचं. दिवाळीपासून माहीत आहे."

काठी त्याच्या हातातून खाली पडली. दिवसभर शंभर माणसांना बोलून गार करणारा हेडी, तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"आन् तुमी... गप बसला?"

"गप नाही बसले. गुरुवारी संध्याकाळी एसी लावून चांदबीबी महालाचा घाट चढत होते."

"ह्या थंडीत? कशापायी?"

"बॅटरी उतरवायला."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग समजलं. मग तो कानांपर्यंत लाल झाला.

"म्हंजे म्या भरून आनायचो, आन् तुमी... रिकामी करून?"

"हो."

दोघंही एकमेकांकडे बघत राहिली. नक्की कुणाला जास्त धक्का बसला होता, ते सांगणं कठीण आहे. रंगुबाईचं दूध उतू गेलं, तेही कुणाला कळलं नाही.

"मॅडम, मला... म्हंजे माजं असं हाय, की..." वैजनाथ अडखळला. परत सुरुवात केली, परत अडखळला. "तोंडानं न्हाई जमत हो!"

"मग हात दे," निकिता म्हणाली.

दे म्हणाली! द्या नव्हे. ते तिचं तिलाही नंतर कळलं. त्याने उपरणं काढलं. पसरलं मात्र तिनेच. उपरण्याखाली तिने त्याचं एक बोट धरलं.

"एक?" तो पुटपुटला. "एक काय? हजार? लाख?"

"एक म्हणजे एकच. यापुढे दुसरं गिऱ्हाईक बघायचं नाही."

आणि मग, इतके शुक्रवार ज्याला ती भीत आली होती, त्या अंगठ्यापाशी तिची बोटं गेली. तिने श्वास घेतला. आणि अंगठा दाबला, चांगला घट्ट.

"सौदा झाला व्हय रं?"

वीज कोसळावी तसा तो आवाज कोसळला. भिमाजी अण्णा बाकावरून उठून उभे होते आणि त्यांचे डोळे सरळ वैजनाथच्या खांद्यावर होते. रुमालाखालचं खांद्यावर दिसतं! निकिताच्या पायाखालची जमीन सरकली. आसपासचे फेटे आणि टोप्या सगळ्या त्यांच्याकडे वळल्या.

"अण्णा, ते... आमी..." वैजनाथची बोबडी वळली.

"काय? मोठ्यानं बोल! कोन घेतंय? जनावर कुठंय?"

जनावर! निकिताच्या अंगाचा तिळपापड झाला. आता हा बाजार तिलाच गाय ठरवणार होता की काय? तिने उपरणं बाजूला केलं, पण वैजनाथचा हात सोडला नाही. ती त्याला तसाच ओढत अण्णांसमोर घेऊन गेली. बहिऱ्या माणसाशी कसं बोलावं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? समोर उभं राहावं, ओठ दिसू द्यावेत, शब्द सुटे सुटे म्हणावेत.

"अण्णा, मी घेतेय. तुमच्या वैजनाथला."

"आँ?"

"मी घेतेय! वैजनाथला!"

"कोनाला म्हनलीस?"

"वैजनाथला!" निकिता जीव खाऊन ओरडली. "तुमच्या वैजनाथला! कायमचं!"

बाजार चिडीचूप झाला. व्यापारी बोलायचे थांबले. गाई रवंथ करायच्या थांबल्या असं काही झालं नाही, पण निकिताला तसं वाटलं खरं. एक म्हैस तेवढी लांबून हंबरली.

अण्णांनी तिला नखशिखान्त पाहिलं. मग पोराला पाहिलं. मिशी एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून चोळली. निकिताच्या छातीत असं धडधडत होतं की ते तरी ऐकू जातंय की काय, असं तिला वाटलं.

"दात बघितलं का?" अण्णांनी विचारलं.

"बघितले की," ती म्हणाली. "सारखा तर हसत असतो."

"माल परत घेनार न्हाई."

"मी परत आणणारच नाही."

अण्णांनी कोपरीच्या खिशात हात घातला. विकलेल्या जनावराच्या पाठीवर टाकायचा गुलाल त्यांच्या खिशात कायम असायचा. त्यांनी मूठभर गुलाल काढून पोराच्या पांढऱ्या शर्टावर असा सणसणीत थापला, की वैजनाथ दोन पावलं पुढे गेला. बाजार एकदम हसला. "इकला रं इकला!" कुणीतरी ओरडलं. रंगुबाई पदराने डोळे पुसत उतू गेलेल्या दुधात साखर ओतत सुटली. वैजनाथला माणसांनी घेरलं, कुणी पाठीवर थापा मारू लागलं, कुणी चहा मागू लागलं.

निकिता बाकाचा आधार घेऊन उभी होती. अण्णांनी तिला बोटाने जवळ बोलावलं. ती वाकली. आणि अण्णा बोलले... तिने कधी ऐकला नव्हता अशा हळू, मऊ आवाजात.

"पोरी, मला पैल्याच खेपंला ऐकू आलं हुतं. पर सौद्याला साक्षीदार लागत्यात. आता अख्खा बाजार हाय तुज्या बाजूनं."

निकिताने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे... तुम्हाला... ऐकू येतं?"

"सुई पडली तर ऐकू यील."

"मग ही दोन-तीन वर्षं?"

"बहिऱ्या हेड्याम्होरं लोक खरी किंमत बोलत्यात." अण्णांनी डोळे मिचकावले. "आन् पोरंबी."

निकिताला या बाकावर बोललेलं एकेक वाक्य आठवू लागलं. कानातल्यांचं. उपरण्याचं. 'आणि अंगठा?' असं तिने विचारलेलं, तेसुद्धा! तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतकी वर्षं कान तपासले तिने, आणि या एका जोडीने तिला साफ गुंडाळलं होतं.

गर्दीतून सुटून, गुलालाने माखलेला वैजनाथ धावत आला. मशीनवरचा आकडा एव्हाना शून्याला टेकला होता आणि गाडी केव्हाच पुरती भरली होती.

"काय म्हनलं अण्णा?" त्याने काळजीने विचारलं.

निकिताने अण्णांकडे पाहिलं. अण्णा समोरच्या गाईची कास न्याहाळत बसले होते, जसे काही ते त्या गावचेच नव्हेत.

"काही नाही," ती म्हणाली. "आणि तू जरा मोठ्याने बोलत जा रे. ऐकू येत नाही त्यांना."